वाचकांचे प्रश्न : सर्पिल फाटे नसलेल्या तबकड्या

गेल्या अंकात आम्ही दीर्घिकांच्या प्रकारांची आकृती छापली होती. तिच्याबद्दल सोलापुरातून बरीच पत्रे आली आणि त्यांतील बहुतेकांचे बोट एकाच जागी आहे: आकृतीच्या मधोमध, जिथून सर्पिल दीर्घिकांच्या दोन फांद्या फुटतात, तिथे लिहिलेल्या ‘एस-शून्य’ या गटावर. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा या भिंगाकार दीर्घिकांना दिली आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : भिंगाकार दीर्घिकांना सर्पिल फाटे नसतात असे आपण लिहिले आहे. मग त्यांना सरळ लंबवर्तुळाकार दीर्घिकांतच का घालत नाहीत? शिवाय एका संदर्भग्रंथात एस-शून्य-१, एस-शून्य-२, एस-शून्य-३ असे पोटप्रकार दिले आहेत, तर दुसऱ्यात वजा आणि अधिक अशी चिन्हे आहेत. विद्यार्थ्यांना यांतले नेमके काय शिकवावे? (विज्ञान शिक्षिका, जुळे सोलापूर)

उत्तर : फाटे नसणे हे लक्षण भिंगाकार आणि लंबवर्तुळाकार अशा दोन्ही प्रकारच्या दीर्घिकांत आढळते, म्हणूनच ही गल्लत होते. भिंगाकार दीर्घिकेची खरी ओळख तिच्या तबकडीत आहे. तिच्या मध्यभागी ताऱ्यांचा दाट फुगवटा असतो आणि त्याच्याभोवती सर्पिल दीर्घिकेत असते तशीच चपटी, फिरणारी तबकडी असते. फक्त त्या तबकडीत नवे तारे घडवणारा थंड वायू फार थोडा उरलेला असतो, त्यामुळे निळ्या तरुण ताऱ्यांनी उजळलेले फाटे तिच्यात दिसत नाहीत. लंबवर्तुळाकार दीर्घिकेला अशी वेगळी दाखवता येणारी तबकडी नसते. तिचा प्रकाश मध्यापासून बाहेर अखंड, एकसारखा मंदावत जातो.

खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२६ साली दीर्घिकांचे आपले वर्गीकरण मांडले तेव्हा त्यात एस-शून्य हा गट नव्हता. लंबवर्तुळाकार दीर्घिकांना त्यांनी चपटेपणानुसार शून्य ते सात असे अंक दिले. लांबीच्या मानाने रुंदी किती दशांशांनी कमी आहे, तोच हा अंक. छायाचित्रात लांबी १० मिलिमीटर आणि रुंदी ७ मिलिमीटर भरली, तर अंक तीन. अंक सात असलेल्या दीर्घिकेनंतर एकदम उघड फाट्यांच्या सर्पिल दीर्घिका येत होत्या आणि ही मधली उडी हबल यांना स्वतःलाच खटकत होती. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी या सांध्यावर एस-शून्य हा टप्पा ठेवला, पण तो त्या वेळी जवळजवळ तर्काने मानलेला टप्पा होता. पुढे मोठ्या दुर्बिणींनी घेतलेल्या चांगल्या छायाचित्रांत अशा दीर्घिका खरोखरच सापडल्या आणि त्याही मोठ्या संख्येने. साताहून अधिक चपट्या ज्या फाटेविरहित दीर्घिका आढळल्या, त्या नीट तपासल्यावर तबकडीधारीच निघाल्या. चपटेपणाच्या अंकांची माळ सातापाशी का थांबते, याचे उत्तर यातच आहे.

आता पोटप्रकारांकडे येऊ. एक, दोन, तीन हे अंक अॅलन सँडेज यांनी १९६१ साली हबल यांच्या टिपणांच्या आधारे प्रसिद्ध केलेल्या दीर्घिकांच्या चित्रसंग्रहातून रूढ झाले. दंड (केंद्रातून आरपार जाणारा ताऱ्यांचा सरळ पट्टा) नसलेल्या भिंगाकार दीर्घिकांत हा अंक धुळीवरून ठरतो. एस-शून्य-१ मध्ये धुळीचा मागमूस नसतो आणि केंद्र, त्याभोवतीचे भिंग व बाहेरचे फिकट आवरण असे तीन थर एकात एक मिसळलेले दिसतात. एस-शून्य-२ मध्ये धुळीच्या अर्धवट वलयाची चाहूल लागते. एस-शून्य-३ मध्ये धुळीचा काळा पट्टा स्पष्ट उमटलेला असतो. एनजीसी या दीर्घिकांच्या सूचीतील ५८६६ क्रमांकाची, कडेने दिसणारी दीर्घिका या तिसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण आहे. तिच्या तबकडीला मधोमध छेदून जाणारी काळी रेघ छायाचित्रात चटकन ओळखू येते.

दंड असलेल्या भिंगाकार दीर्घिकांत मात्र हेच अंक धुळीवर नव्हे, तर दंड किती रेखीव आहे यावर दिले जातात. पहिल्या प्रकारात केंद्राच्या दोन्ही बाजूंना फक्त पसरट, अंधुक उजळ भाग असतात, दुसऱ्यात ते अधिक ठळक होतात आणि तिसऱ्यात भिंगाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग, अरुंद दंड दिसतो. एकाच आकृतीत शेजारी शेजारी लिहिलेल्या दोन माळांतले तेच अंक दोन निराळ्या गोष्टी मोजतात, हा या पद्धतीचा मोठा दोष आहे असे मला वाटते, आणि वर्गात तो सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जेरार द वोकुलर यांनी १९५९ साली सुचवलेली सुधारणा मला त्यामुळेच अधिक सुसंगत वाटते. त्यांनी वजा, शून्य आणि अधिक अशा चिन्हांनी भिंगाकार दीर्घिकांचे तीन टप्पे केले. वजा म्हणजे तबकडीचे बारकावे जवळपास न दिसणारी, लंबवर्तुळाकार दीर्घिकेकडे झुकलेली, तर अधिक म्हणजे तबकडीत वलये किंवा फाट्यांची पुसट सुरुवात दाखवणारी. दंड आहे, नाही की पुसट आहे, ते त्यांनी वेगळ्या अक्षराने लिहिले आणि आतले वलय आहे की नाही, तेही स्वतंत्रपणे. संगणकीय सूच्यांत याच टप्प्यांना वजा ३, वजा २ आणि वजा १ असे आकडे देतात. शून्य हा आकडा भिंगाकार आणि पहिल्या सर्पिल प्रकाराच्या सीमेवरील दीर्घिकांसाठी ठेवलेला आहे. विद्यार्थ्यांना एकच पद्धत शिकवायची असेल तर ही शिकवावी आणि सँडेज यांचे अंक जुन्या ग्रंथांत भेटतील तेव्हा ओळखता यावेत, एवढ्यापुरते सांगावेत.

प्रश्न : एनजीसी ३११५ या भिंगाकार दीर्घिकेला ‘चाती’ म्हणतात असे वाचले. माझी सारी नोकरी सूतगिरणीत गेली, त्यामुळे चाती मला चांगली परिचयाची आहे. ही दीर्घिका खरोखरच चातीसारखी लांबोळकी आहे का? (वाचक, अशोक चौक परिसर)

उत्तर : नाही, आणि ते कसे कळले हे तुमच्यासारख्या चाती फिरताना पाहिलेल्या माणसाला चटकन पटेल. चाती आपल्या लांब अक्षाभोवती फिरते. दीर्घिकाही तशीच फिरत असती, तर तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबीच्या रेषेवर प्रकाश तपासला असता आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग कुठेच आढळला नसता. प्रत्यक्षात या रेषेवर वर्णपट घेतला की एका बाजूच्या ताऱ्यांच्या वर्णरेषा निळ्याकडे आणि दुसऱ्या बाजूच्या तांबड्याकडे सरकलेल्या आढळतात, म्हणजे एक बाजू आपल्याकडे येत असते आणि दुसरी दूर जात असते. (ही दीर्घिका सबंधच आपल्यापासून दूर जात आहे. तिचा तो वेग वजा करून उरणाऱ्या सरकण्याबद्दल मी बोलत आहे.) दोन्ही बाजूंचा हा वेग सेकंदाला दोनशे किलोमीटरहून अधिक भरतो. याचा अर्थ ती आपल्या आखूड अक्षाभोवती फिरते आहे. ती एक मोठी तबकडी आहे, मध्ये फुगलेली, आणि आपल्याला ती जवळजवळ कडेने दिसते एवढेच. विल्यम हर्शेल यांना ती १७८७ साली दिसली. तिचे अंतर सुमारे ३.२ कोटी प्रकाशवर्षे आहे.

प्रश्न : कडेने दिसणारी तबकडी ओळखता येते हे समजले. पण एखादी भिंगाकार दीर्घिका आपल्याकडे तोंड करून असेल, तर ती गोल दिसणार. मग ती आणि शून्य अंकाची लंबवर्तुळाकार दीर्घिका यांत फरक कसा करतात? (भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर : या वर्गीकरणातली सर्वांत अवघड जागा तुम्ही नेमकी पकडली आहे. आपल्याला आकाशात दिसते ती वस्तूची सपाटीवर पडलेली प्रतिमा असते. तिची खोली डोळ्याला कळत नाही. दीर्घिका कोणत्याही कोनात कललेल्या असू शकतात असे धरले तर साधे गणित सांगते की तबकड्यांपैकी निम्म्या कडेपासून तीस अंशांच्या आत दिसतील, आणि समोरासमोर दिसण्यापासून तीस अंशांच्या आत असणाऱ्या जेमतेम १३ टक्के असतील. म्हणजे फसवणूक करणाऱ्या दीर्घिका थोड्या असतात, पण नगण्य नसतात. सूच्यांतल्या भिंगाकार दीर्घिकांत गोल दिसणाऱ्यांची संख्या अपेक्षेहून कमी भरते असे काही खगोलशास्त्रज्ञांनी दाखवले आहे. त्या हरवलेल्या दीर्घिका लंबवर्तुळाकार म्हणून नोंदल्या गेल्या असाव्यात, हाच त्याचा सरळ अर्थ.

पहिला उपाय प्रकाशाच्या मोजमापाचा आहे. केंद्रापासून बाहेर जाताना तेजस्विता कशी घटते त्याचा आलेख काढतात. लंबवर्तुळाकार दीर्घिकेत आणि फुगवट्यात ती मध्याशी झपाट्याने आणि पुढे फार रेंगाळत कमी होते. या घटीचे सूत्र द वोकुलर यांनीच १९४८ साली दिले. तबकडीत मात्र ती ठरावीक अंतरागणिक ठरावीक प्रमाणात कमी होत जाते आणि आलेखाची उभी मापे लघुगणकी (लॉग) घेतली की तिथे सरळ रेषा मिळते. केन फ्रीमन यांनी १९७० साली अनेक सर्पिल व भिंगाकार दीर्घिकांच्या तबकड्यांत ही सरळ रेषा दाखवून दिली. गोल दिसणाऱ्या दीर्घिकेच्या आलेखात आत पहिला वक्र आणि बाहेर दुसरी रेषा असे दोन तुकडे पडले, की तबकडी असल्याचा संशय बळावतो.

दुसरा उपाय फिरण्याचा. मात्र वर सांगितलेली वर्णरेषांची युक्ती अगदी समोरून दिसणाऱ्या तबकडीपुढे लंगडी पडते, कारण तिचे तारे आपल्या दृष्टिरेषेला काटकोनात फिरत असतात आणि त्यांची आपल्या दिशेची गती फारशी उरत नाही. तबकडी थोडी जरी कललेली असली, तर हा उपाय अतिशय प्रभावी ठरतो. ला पाल्मा बेटावरील ४.२ मीटर व्यासाच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीला असे उपकरण जोडले होते की ते दीर्घिकेच्या प्रतिमेतल्या शेकडो बिंदूंचा वर्णपट एकदम घेत असे. त्याच्या साहाय्याने जवळच्या २६० लंबवर्तुळाकार आणि भिंगाकार दीर्घिकांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ सालापासून प्रसिद्ध होऊ लागले. त्यांत सुमारे ८६ टक्के दीर्घिका तबकडीप्रमाणे व्यवस्थित, वेगाने फिरणाऱ्या निघाल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, छायाचित्रावरून लंबवर्तुळाकार ठरवलेल्या दीर्घिकांपैकी दोन तृतीयांशही याच वेगवान गटात आल्या. ज्यांत तारे सगळ्या दिशांना धावतात आणि एकत्रित फिरणे जवळजवळ नसते, अशा खऱ्या अर्थाने तबकडीविरहित दीर्घिका फार थोड्या आहेत आणि त्यांत मोठ्या, वजनदार दीर्घिका प्रामुख्याने आढळतात. माझ्या मते दीर्घिकांची पहिली विभागणी दिसण्यावरून न करता या फिरण्यावरून करावी इतका हा पुरावा भक्कम आहे. छायाचित्रावरून दिलेले नाव तात्पुरते समजावे.

प्रश्न : भिंगाकार दीर्घिका म्हणजे वायू संपलेली, म्हातारी झालेली सर्पिल दीर्घिका असे समजायचे का? तसे असेल तर आकृतीत ती मधोमध का काढतात? (होटगी रस्ता आणि विजापूर रस्ता येथून आलेली दोन पत्रे)

उत्तर : काही भिंगाकार दीर्घिकांच्या बाबतीत हे खरे आहे, सगळ्यांच्या नाही.

पहिला धागा त्या कुठे सापडतात हा आहे. अॅलन ड्रेसलर यांनी १९८० साली ५५ दीर्घिकासमूहांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यातून दिसते की जिथे दीर्घिका विरळ आहेत तिथे सुमारे ८० टक्के सर्पिल असतात, आणि दाटी वाढत जाते तसतसे त्यांचे प्रमाण घसरून भिंगाकार व लंबवर्तुळाकार दीर्घिकांचे वाढते. लायमन स्पिट्झर आणि वॉल्टर बाडे यांनी १९५१ सालीच असे सुचवले होते की दाट समूहांत सर्पिल दीर्घिका एकमेकींतून आरपार जाताना तारे सुटून जातात, पण वायू एकमेकांवर आदळून बाहेर फेकला जातो. १९७२ साली जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी याहून सहज घडणारी प्रक्रिया मांडली. मोठ्या समूहात दीर्घिकांच्या मधली जागा कोट्यवधी अंश तापमानाच्या विरळ वायूने भरलेली असते. त्यातून सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने जाणाऱ्या दीर्घिकेला समोरून या वायूचा दाब सोसावा लागतो आणि तिचा स्वतःचा वायू मागे ओढला जाऊन निसटतो. तारे जागच्या जागी राहतात. नवे तारे घडणे थांबते, तेजस्वी निळे तारे अल्पायुषी असल्यामुळे लवकर विझतात आणि फाटे पुसट होत जातात. थंड वायू नसला की उरलेल्या ताऱ्यांच्या गती हळूहळू विस्कळीत होतात आणि मग नवे फाटेही उमटू शकत नाहीत. उरते ती फुगवट्याभोवतीची गुळगुळीत तबकडी. सुमारे ५०० कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे तितक्या दूरच्या समूहांत आजच्या मानाने भिंगाकार दीर्घिका बऱ्याच कमी आणि सर्पिल जास्त आढळतात, हा या स्थित्यंतराचा थेट म्हणावा असा पुरावा आहे.

अडचण एनजीसी ३११५ सारख्या दीर्घिकांची आहे. ती कोणत्याही मोठ्या समूहात नाही, त्यामुळे तिचा वायू हिसकावून घेणारे कोणी नव्हते. शिवाय तेजस्वी भिंगाकार दीर्घिकांचे फुगवटे इतके मोठे असतात की साध्या सर्पिल दीर्घिकेचा वायू काढून घेतल्याने तसा फुगवटा तयार होत नाही. पुण्याच्या आयुका संस्थेतील अजित केंभवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भिंगाकार दीर्घिकांचे तेजस्वी आणि मंद असे दोन गट करून पाहिले. मंद गटात फुगवट्याचा आकार आणि तबकडीचा आकार यांचे नाते सर्पिल दीर्घिकांसारखेच आढळले, तेजस्वी गटात ते तसे आढळले नाही. मंद दीर्घिका वायू गमावलेल्या सर्पिल असाव्यात आणि तेजस्वी दीर्घिका फार पूर्वी विलीनीकरणासारख्या वेगळ्या वाटेने घडल्या असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एकाच नावाखाली दोन कुळे नांदत आहेत, हे आपल्याकडच्या संशोधकांनी इतक्या नेमकेपणाने दाखवावे याचे मला मोठे अप्रूप वाटते.

वायू अगदीच नसतो असेही नाही. हायड्रोजनचा थंड वायू २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींवर ओळखता येतो. वर उल्लेखलेल्या २६० दीर्घिकांच्या पाहणीतल्या लंबवर्तुळाकार व भिंगाकार दीर्घिकांपैकी कन्या या दीर्घिकासमूहाबाहेरच्या सुमारे ४० टक्क्यांत तो सापडला, तर त्या समूहातल्या केवळ १० टक्क्यांत. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली आपली रेडिओ दुर्बीण अशाच लहरी टिपते.

आता आकृतीतल्या जागेबद्दल. एस-शून्य हा गट दोन प्रकारांना जोडणारा सांधा आहे असे मानले, तर सगळ्या भिंगाकार दीर्घिकांचे फुगवटे मोठे असायला हवेत. ते तसे नाहीत. सिडनी व्हॅन डेन बर्ग यांनी म्हणूनच १९७६ साली सर्पिल दीर्घिकांची जशी मोठ्या फुगवट्यापासून लहान फुगवट्यापर्यंत माळ आहे, तशीच समांतर माळ भिंगाकार दीर्घिकांची मांडली आणि या दोहोंच्या मध्ये वायू कमी झालेल्या, फिकट फाट्यांच्या सर्पिल दीर्घिका ठेवल्या. २०११ साली त्या २६० दीर्घिकांच्या पाहणीनंतर हीच मांडणी फणीच्या दात्यांसारख्या आकृतीत नव्याने आली आणि २०१२ साली जॉन कॉर्मेंडी व राल्फ बेंडर यांनी तिचा विस्तार केला. या मांडणीत भिंगाकार दीर्घिका मधल्या पायरीवर बसत नाहीत. प्रत्येक सर्पिल प्रकाराला वायूविना उरलेला आपापला जोडीदार मिळतो. गेल्या अंकातली आमची आकृती जुनी होती, आणि पुढच्या वेळी आम्ही दोन्ही मांडण्या शेजारी शेजारी छापू.

प्रश्न : आमच्या गटाकडे सहा इंची परावर्तक दुर्बीण आहे. सोलापूरहून एखादी भिंगाकार दीर्घिका दिसेल का? (हौशी आकाशनिरीक्षक, सोलापूर)

उत्तर : नक्की दिसेल, पण शहरातल्या दिव्यांपासून दूर जावे लागेल. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याच्या बाजूला वस्ती सोडून पुढे गेलात तरी पुष्कळ फरक पडेल. सर्वांत सोयीची आहे एनजीसी ३११५. मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला रात्री नऊ-दहाच्या सुमारास मघा तारा आपल्या डोक्यावर येतो. तिथून थेट दक्षिणेला सुमारे वीस अंश, म्हणजे हात लांब करून बोटे फाकवल्यावर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढे अंतर भरते तेवढे खाली या. सोलापूरच्या अक्षांशावरून ती त्या वेळी दक्षिण क्षितिजापासून ६५ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे उन्हाळ्यातल्या धुरळ्याचा तिला फारसा त्रास होत नाही. तिची दृश्यप्रत (दिसणाऱ्या तेजाचे माप; आकडा मोठा तितकी वस्तू मंद) सुमारे ९ आहे आणि लांबी चंद्रबिंबाच्या पाव भागाइतकी. कमी वर्धनाच्या नेत्रिकेतून आधी एक अंधुक, लांबट ठिपका शोधा, मग वर्धन वाढवा. मध्यभाग तेजस्वी आणि दोन्ही टोके निमुळती दिसली तर ती सापडली असे समजा.

सिंह राशीतील उत्तरा आणि कन्या राशीतील विंडेमिआट्रिक्स या ताऱ्यांच्या साधारण मधोमध मेसिए ८४ आणि मेसिए ८६ या दोन दीर्घिका एकाच दृष्टिक्षेत्रात मावतात. त्या कन्या समूहात, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहेत, आणि काही सूच्या त्यांना लंबवर्तुळाकार म्हणतात तर काही भिंगाकार. तुमच्या दुर्बिणीतून तबकडी वेगळी दिसणार नाही, पण तज्ज्ञांना ज्यांच्याबद्दल निर्णय घेणे जड गेले त्या याच, हे माहीत असेल तर त्या पाहण्यात अधिक रस वाटेल. मे महिन्यात दक्षिणेचे क्षितिज मोकळे मिळाले तर नरतुरंग तारकासमूहातील एनजीसी ५१२८ सुद्धा शोधा. ती आपल्याकडून २९ अंशांपर्यंतच वर येते, अंतर जेमतेम १.२ कोटी प्रकाशवर्षे. आधी गिळलेल्या वायूसंपन्न दीर्घिकेच्या धुळीचा पट्टा तिच्या अंगावरून गेलेला आहे आणि वर्गीकरणात तिच्या नावापुढे ‘विलक्षण’ अशी खूण करावी लागते. सहा इंची दुर्बिणीतून, हवा स्वच्छ असेल त्या रात्री, तिच्या गोल प्रकाशाचे दोन तुकडे करणारा हा काळा पट्टा दिसू शकतो. दोन्ही अर्ध्या भागांचे रेखाटन तिथेच बसून करा आणि वेळ, नेत्रिका व आकाशाची स्थिती यांच्या नोंदीसह आमच्याकडे पाठवा.